जुन्या फ्रिजचा सिगार ह्युमिडॉर केलाय का कोणी? अनुभव लिहा

कॉम्प्रेसर गेलेला फ्रिज पडून आहे, दार मात्र अजून घट्ट बसतं. लाकडी पेटीत सिगार मावेनात म्हणून याचाच ह्युमिडॉर (सिगार वाळू नयेत म्हणून आर्द्रता टिकवणारी पेटी) करायचं डोक्यात आहे. ज्यांनी केलाय त्यांनी सांगा, फसला असेल तर ते आधी सांगा.

*

मी चालू फ्रिजमध्ये ठेवल्या, तिथेच माती खाल्ली. थंड आहे म्हणजे बरंच की, असं वाटलं. पण फ्रिज चालू असला की हवेतली वाफ आतल्या गार कॉइलवर जमते आणि पाणी होऊन मागच्या नळीतून निघून जाते, आर्द्रतेचा मीटर ४० टक्क्यांच्या खाली गेला आणि सिगार जरा दाबली की वरचं पान तडकायचं. प्लग काढला, आर्द्रता ६५ टक्क्यांवर धरून ठेवणारी पाकिटं टाकली, तेव्हापासून शांतता. जाड भिंतीची हवाबंद पेटी, एवढाच त्याचा उपयोग.

*

वास!! याबद्दल कोणी बोलत नाही. सोड्याच्या पाण्याने दोनदा पुसला, दार उघडं टाकून आठवडा वाळवला, तरी बंद केला की कुबट वास यायचाच, शेवटी दाराच्या रबराच्या घडीत कान साफ करायची कापसाची काडी फिरवली तर ती काळीकुट्ट निघाली, सगळी बुरशी तिथे बसलेली. रबर काढून धुतलं, आत ॲक्टिवेटेड चारकोल ठेवला. मग एकच स्वस्तातली सिगार आठवडाभर आत ठेवून ओढून बघितली, ती बरी लागली तेव्हा बाकीच्या भरल्या.

*

मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ, थेंबभर पाण्याने नुसतं ओलसर केलेलं, मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दिसायला हवं. माझ्याकडे ६९ दिसलं! म्हणजे इतके महिने मी ७० बघून खुश होतो आणि आत होतं ७६. टोकांवर पांढरी लव कुठून येतेय ते तेव्हा कळलं. ११ सिगार गेल्या.

*

तापमानाकडेही बघा. बंद फ्रिज गरमी आत यायला वेळ लावतो पण थांबवत नाही. २४ अंशांच्या वर बराच काळ राहिलं की तंबाखूतली किडीची अंडी फुटतात. माझ्या एका सिगारला टाचणीने टोचल्यासारखं भोक आणि खाली बारीक भुकटी. सगळ्या पिशवीत बांधून तीन दिवस डीप फ्रीजरला, मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढल्या तर पान फाटतं.

*

आत हवा फिरवायच्या पंख्याच्या वायरसाठी बाजूला ड्रिल मारू नका प्लीज. भिंतीत गॅसच्या नळ्या असतात आणि बऱ्याच फ्रिजमधला आर-६००ए गॅस पेट घेतो. वायर मागच्या पाण्याच्या भोकातून घ्या, भोक सिलिकॉनने बुजवा. ते नुसतं उघडं राहिलं तरी आर्द्रता टिकत नाही, मी दोन महिने पाकिटांनाच शिव्या घालत होतो.

*

काचेचे शेल्फ काढून जाळीचे टाका, हवा खालीवर फिरते. ट्रे स्पॅनिश सीडरचे. (नावात स्पेन, नावात सीडर, दोन्ही खोटं. झाड महोगनीच्या कुळातलं.) ट्रे कोरडे असताना सिगार ठेवल्या तर लाकूडच ओल पिऊन टाकतं, आधी पाकिटांसोबत आठवडा दोन आठवडे रिकामे ठेवा.

*

मीच परत. काडी फिरवली रबरात. काळी निघाली.