मालदीवच्या कचऱ्याचा खर्च कोणी भरायचा?

सुमेधा, पुणे

2018 साली आम्ही चौघं मालदीवला गेलो होतो. रिसॉर्ट परवडणारं नव्हतं म्हणून माफुशी बेटावर गेस्टहाऊसमध्ये पाच दिवस राहिलो. राजधानी मालेहून फेरीने निघालो आणि थोड्याच वेळात उजव्या हाताला धुराचा जाड पट्टा दिसला. मला वाटलं, बोटीला आग लागली. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "थिलाफुशी. आमचा कचरा तिथे जातो." 1990च्या दशकात समुद्राच्या उथळ पाण्यात कचरा टाकत टाकत उभं केलेलं बेट!

आम्ही पाण्याच्या रिकाम्या बाटल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवत होतो. निघायच्या सकाळी मोजल्या, एकतीस भरल्या. त्या कुठे जाणार हे धूर पाहिल्यावर वेगळं सांगायला नको होतं. मालदीवची लोकसंख्या जेमतेम सव्वापाच लाख आणि 2024 मध्ये पर्यटक आले वीस लाखांहून जास्त. जानेवारी 2025 पासून पर्यटकांकडून घेतला जाणारा ग्रीन टॅक्स दुप्पट केलाय, रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर, छोट्या गेस्टहाऊसमध्ये 6. मला हे पुरेसं वाटत नाही. कचऱ्याची सोय होईपर्यंत नवीन खोल्यांना परवानगी देऊ नये, आणि आपणही तोवर तिथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रशांत, चिपळूण

सुमेधाताई, मी तिथल्या एका रिसॉर्टमध्ये सहा वर्षं मेंटेनन्सला होतो. तुमचं दुःख खरं आहे, पण आरोपी चुकतोय. रिसॉर्टला स्वतःची कचरा जाळायची भट्टी आणि बाटल्या चुरायचं मशीन ठेवावंच लागतं, नियमच आहे. तिथल्या समुद्रातलं प्रवाळ (पोवळं) मेलं, तेही 1998 आणि 2016 मध्ये समुद्र तापला म्हणून. ती उष्णता मालदीवने तयार केलेली नाही. सरासरी दीड मीटर उंचीचा देश, तो बुडेल तो जगभरच्या धुराने, तुमच्या एकतीस बाटल्यांनी नव्हे.

आणि 1972 मध्ये पहिलं रिसॉर्ट सुरू होण्याआधी काय होतं तिथे? मासे आणि नारळ. 2010 मध्ये त्यांनी शार्कच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली, त्यामागे डायव्हिंगला येणाऱ्यांचा पैसा हे मोठं कारण होतं. पर्यटक नसते तर शार्कचे पंख सुकून कधीच विकले गेले असते.

वैशाली, ठाणे

प्रशांत, शार्कचं पटलं. पण मेंटेनन्सला होतात तर सँड पंपिंगबद्दलही, म्हणजे समुद्राच्या तळाची वाळू पंपाने किनाऱ्यावर टाकण्याबद्दलही लिहा ना. मी तिथे दोनदा डायव्हिंग केलंय. एका रिसॉर्टला लागूनच असलेल्या रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर गेले तर प्रवाळावर पिठासारखा थर बसलेला. हात हलवला की पाणी दुधासारखं व्हायचं. तापलेल्या समुद्रातून सावरू पाहणाऱ्या प्रवाळाला वरून गाळाने गुदमरवायचं, याचा दोष जगावर कसा टाकणार?

आणखी एक गोष्ट, जी इथे फारशी बोलली जात नाही. तिथली पांढरी वाळू बरीचशी पोपटमाशांनी केलेली असते. ते प्रवाळ कुरतडून खातात, ते दळलं जातं आणि वाळू होऊन बाहेर पडतं. बेटं त्यावरच उभी आहेत. मालदीवचे लोक पिढ्यान्‌पिढ्या खोल समुद्रातला ट्यूना गळाने पकडून खात आले, रीफवरच्या माशांना ते फारसा हात लावत नसत. रीफच्या माशांना मोठं गिऱ्हाईक मिळालं ते रिसॉर्टच्या ग्रिलमुळे.

अनघा, नाशिक

मी उत्तरेकडच्या एका बेटावर तीन वर्षं शाळेत शिकवलं. सुमेधाताई, तुमच्या "जाऊ नये"ला माझा ठाम विरोध आहे. 2009 पर्यंत लोकवस्तीच्या बेटांवर पर्यटकांना ठेवताच येत नसे. एक बेट एक रिसॉर्ट, बस. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील दूरच्या रिसॉर्टवर कामाला, दोन-दोन महिन्यांनी घरी. नियम बदलला, आणि एका मुलाच्या घरी वरच्या मजल्यावर पर्यटकांसाठी चार खोल्या निघाल्या. वडील कायमचे घरी आले. तुम्ही माफुशीला जायचं थांबलात तर आधी ती चार खोल्यांची घरं बंद पडतील, पाण्यावरच्या व्हिला नाहीत.

पण कचऱ्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पावसाळ्यात समुद्र खवळला की कचरा न्यायला येणारी बोट यायची नाही. जेट्टीच्या टोकाला काळ्या पिशव्यांची रास वाढत जायची आणि शाळेत खिडक्या लावून शिकवावं लागायचं. ग्रीन टॅक्स दिला जातो, बोट मात्र येत नाही, भांडायचं ते यासाठी.

सुमेधा, पुणे

अनघाताई, "जाऊ नये" मी मागे घेते. चार खोल्यांच्या घराचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण नवीन खोल्या थांबवाव्यात यावर ठाम आहे, आणि तो नियम आधी रिसॉर्टना लावावा. प्रशांत, वैशालीच्या प्रश्नाचं उत्तर द्या, मला खरंच जाणून घ्यायचंय.

प्रशांत, चिपळूण

देतो. हो, पंपिंग करायचो. पावसाळ्यातल्या लाटांनी किनारा खाल्लेला असायचा आणि डिसेंबरला पाहुणे यायच्या आत तो फोटोतल्यासारखा दिसायला हवा असायचा. पंप लगूनमध्ये, म्हणजे बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात सोडायचा आणि पाइपने वाळू किनाऱ्यावर. तीन-चार आठवडे पाणी गढूळ राहायचं. पुढच्या वर्षी तीच वाळू परत वाहून गेलेली असायची, कारण जेट्टी आणि दगडी बांधांनी वाळूची वाट अडवली होती. पहिल्या वर्षी जेट्टीखाली हरणाच्या शिंगांसारखं प्रवाळ होतं, त्यात निळे मासे असायचे. नोकरी सोडली तेव्हा खाली फक्त वाळू होती. त्यातलं समुद्र तापल्याने किती गेलं आणि आमच्या पंपाने किती, हे मला सांगता येणार नाही. पण पंप मी चालवत होतो.