ग्रिग्नार्ड सुरूच होत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, एमएस्सी ऑरगॅनिकला आहे, प्रॅक्टिकलला ट्रायफिनाइलमिथॅनॉल करायचंय, म्हणजे ब्रोमोबेन्झीनचं ग्रिग्नार्ड (इथरमध्ये मॅग्नेशियमशी होणारं संयुग) आणि मग त्यात बेन्झोफिनोन. (सर ग्रिन्यार म्हणतात, आम्ही स्पेलिंगप्रमाणे.) दोनदा केलं, दोन्ही वेळा मॅग्नेशियम तळाशी जसंच्या तसं. रिबन १.२ ग्रॅम, ब्रोमोबेन्झीन ५.२ मिली, ड्राय इथर, आयोडीनचा एक खडा. रंग उडून इथर गढूळ व्हायला हवं ना, इकडे अर्धा तास झाला तरी कोऱ्या चहाचा रंग हलायला तयार नाही. रिबन पॉलिश पेपरने घासली होती, काचसामान रात्रभर ओव्हनमध्ये होतं, इथर सोडियम वायरवर ठेवलेलं, मग चुकतंय कुठे? ग्रिन्यारला यावर १९१२चं नोबेल मिळालं, मला इंटर्नलचे मार्क मिळाले तरी बास. शुक्रवारी शेवटचा चान्स आहे.

प्रतिसाद:
ब्रोमोबेन्झीन एकदम ओतलंस का? आधी थोडंसंच घाल, ढवळू नकोस, आणि कोरड्या काचेच्या रॉडने रिबनचा एखादा तुकडा दाबून मोड, आतला चकचकीत भाग उघडा पडतो आणि बुडबुडे तिथूनच सुटतात. फ्लास्क तळहातात धर, इथर ३५ अंशाच्या आसपास उकळतं, तेवढी ऊब पुरते. बर्नर चुकूनही नको. बर्फाचं पाणी मात्र शेजारी ठेव, एकदा रिअ‍ॅक्शन सुरू झाली की आवरत नाही.

प्रतिसाद:
ओव्हनमधून काढून सामान गार कुठे केलंस? बाहेर पाऊस आणि आपण ड्राय म्हणायचं! हिशोब कर, तुझं ०.०५ मोल आहे, म्हणजे ०.९ ग्रॅम पाण्यात सगळ्या ग्रिग्नार्डचं बेन्झीन होऊन जाईल, आणि सुरू होण्याआधी तर त्याहून कितीतरी कमी ओल आडवी येते. गरम असतानाच जोड. गार्ड ट्यूबमधलं (हवेतली ओल अडवणाऱ्या नळीतलं) कॅल्शियम क्लोराइड कधी बदललंय?

धागाकर्ता:
टेबलावरच गार केलं, खिडकी उघडी 🙈 आत्ता गार्ड ट्यूब बघून आलो, पावसाळ्यातल्या मिठासारखं पाणी सुटलंय, कापूससुद्धा ओला. लॅबमधले काका म्हणाले दिवाळीपासून तेच आहे. उद्या नवीन भरतो.

धागाकर्ता (शुक्रवार):
सुरू झालं!! आधी गढूळ, मग तपकिरी, इथर आपोआप उकळत होतं. पण क्रूडचा (अजून शुद्ध न केलेल्या मालाचा) मेल्टिंग पॉइंट धड येत नाहीये, बराच आधीपासून मऊ पडतंय?

प्रतिसाद:
त्यात बायफिनाइल (सोबत तयार होणारा नको असलेला पदार्थ) असणार, ते ७० ला वितळतं. पेट्रोलियम इथरने धू, निघून जाईल. तुझं १६२ च्या आसपास यायला हवं.