नरसिंह रावांचा कारभार आणि खासगी कागद : कशाला किती वजन द्यावे?

धंतोलीचा वाचक

नमस्कार. आमच्या वाचक मंडळात पुढील महिन्यात पी. व्ही. नरसिंह राव यांच्या पंतप्रधानपदाच्या काळावर (21 जून 1991 ते 16 मे 1996) मला एक टिपण वाचायचे आहे. नागपूरकरांना हा विषय परका नाही. राव यांनी कायद्याचे शिक्षण नागपूर विद्यापीठात घेतले, आणि 1984 साली हनमकोंड्यात पराभूत झाल्यानंतर त्यांना लोकसभेत पाठवले ते रामटेकने.

माझी अडचण अशी आहे की, वाचनातून समोर येणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींना जुळत नाहीत. एक आहे ती ओठ मिटून बसणाऱ्या, निर्णय लांबणीवर टाकणाऱ्या पंतप्रधानांची, ज्यांना लोक ‘मौनीबाबा’ म्हणत. दुसरी आहे ती अनेक भाषांत रमणाऱ्या, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणाऱ्या आणि उतारवयात संगणकाची प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या एकाकी माणसाची. त्यांच्या खासगी कागदपत्रांच्या आधारे लिहिलेले चरित्र 2016 मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ही दुसरी बाजू बरीच पुढे आली आहे. प्रथेप्रमाणे शेवटी ‘व्यक्तिमत्त्व’ असा वेगळा भाग करून ती तेथे ठेवावी, की तिचा उपयोग त्यांचे निर्णय समजून घेण्यासाठी करावा?

रामदासपेठ

वेगळा भाग करू नये, असे मला वाटते. त्या भागात गोड आठवणी जमा होतात आणि मुख्य विवेचन कोरडेच राहते.

24 जुलै 1991 या एका दिवसाचे उदाहरण घ्या. परकीय चलनाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली होती, रुपयाचे अवमूल्यन त्याच महिन्याच्या आरंभी दोन टप्प्यांत झाले होते, आणि सरकार अल्पमतात होते. उद्योग खाते राव यांनी स्वतःकडे ठेवले होते. तरीही 18 उद्योग वगळता बाकी सर्वांची परवाना पद्धत मोडीत काढणारे धोरण त्यांनी स्वतः सभागृहात मांडले नाही. ते राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी सभागृहापुढे ठेवले, आणि त्याच दिवशी मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प सादर केला. चार दशकांची व्यवस्था बदलत असताना ती बदलणारा मनुष्य मागच्या रांगेत राहिला. याला भित्रेपणा म्हणता येईल. मला तो बेत वाटतो, कारण पक्षातील समाजवादी वळणाच्या ज्येष्ठांना अंगावर घेण्यासाठी लागणारे संख्याबळ त्यांच्याकडे नव्हते. घरातील त्यांचा अबोल स्वभाव आणि दरबारातील ही चाल यांत मला तरी सीमारेषा आखता येत नाही.

त्यांनी 1991 ची निवडणूक लढवलीच नव्हती, हेही टिपणात असावे. आदल्या वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि हैदराबादला परतण्याची त्यांची तयारी सुरू होती. 21 मे रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली आणि सगळेच फिरले. आवराआवर करून बसलेल्या माणसाला गमावण्यासारखे फारसे नसते, पण त्याच्या पाठीशी स्वतःचा गटही नसतो.

अणुचाचणीचे प्रकरणही याच जातीचे आहे. डिसेंबर 1995 मध्ये पोखरणला चाललेली तयारी अमेरिकी उपग्रहांच्या नजरेस आली आणि बेत मागे पडला. राव यांनी त्यावर जाहीर चर्चा केली नाही. मे 1998 मधील चाचण्यांच्या पूर्वतयारीचे श्रेय वाजपेयींनी राव यांच्या निधनानंतर त्यांना उघडपणे दिले.

सदर, जुने वकील

रामदासपेठ यांचे विवेचन वाचनीय आहे, परंतु मौनाला सर्वत्र मुत्सद्देगिरी ठरवण्यात एक धोका आहे. 6 डिसेंबर 1992 रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली जात असताना राव दिवसभर पूजेला बसले होते, अशी एक वदंता आजही ऐकू येते. त्यांचे डॉक्टर श्रीनाथ रेड्डी त्या दिवशी त्यांच्या निवासस्थानी गेले होते, आणि राव दूरचित्रवाणीसमोर होते व त्यांची नाडी आणि रक्तदाब वाढलेला होता, असे त्यांचे सांगणे आहे. खासगी पुराव्याचा हा योग्य उपयोग झाला, कारण त्याने एक खोटी गोष्ट दूर होते. त्यापुढे मात्र जाऊ नये. रक्तदाब वाढला म्हणून जबाबदारी कमी होत नाही.

खरा प्रश्न नोव्हेंबरचा आहे. तत्कालीन केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांनी राज्यघटनेच्या 356 व्या कलमाचा (राष्ट्रपती राजवटीचा) आधार घेऊन मशिदीची वास्तू केंद्रीय दलांच्या ताब्यात घेण्याची योजना तयार केली होती. राव यांनी ती स्वीकारली नाही आणि उत्तर प्रदेश सरकारने सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या हमीवर विश्वास ठेवला. घटनेने आपले हात बांधले होते, हा त्यांचा युक्तिवाद त्यांच्या निधनानंतर 2006 मध्ये आलेल्या पुस्तकात आहे. तो जरूर वाचावा, पण आरोपीचा जबाब जसा वाचतात तसा.

शिवाय जुलै 1993 च्या अविश्वास ठरावावेळचे खासदारांच्या लाचखोरीचे प्रकरण वगळू नका. 2000 साली विशेष न्यायालयाने राव यांना दोषी धरले आणि 2002 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या पाहिजेत.

गडाखालचा

मूळ प्रश्नात एक दुरुस्ती सुचवतो. 1984 साली राव हनमकोंडा आणि रामटेक या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी उभे होते. तेथे हरले म्हणून नंतर येथे आले, असे नव्हे. त्या वर्षी भाजपला देशभरात दोनच जागा मिळाल्या आणि हनमकोंडा ही त्यांपैकी एक होती, इतका तो पराभव विलक्षण होता. 1989 मध्येही रामटेकने त्यांनाच निवडले.

ते आमच्याशी मराठीत बोलत, आणि भाषा आली म्हणजे माणूस आपला झाला, असे आम्ही धरून चाललो. तो आमचा भाबडेपणा होता. मात्र रामटेकला संस्कृत विद्यापीठ व्हावे ही कल्पना त्यांनी मांडली आणि कालिदासाच्या नावाचे ते विद्यापीठ 1997 मध्ये उभे राहिले. पंतप्रधानांच्या घरातील पुस्तकांचे कपाट आमच्या वाट्याला आले ते एवढ्यापुरते.

धंतोलीचा वाचक

सर्वांचे आभार. 1984 ची चूक सुधारली आहे. टिपणाचा आरंभ आता 24 जुलै 1991 पासून करतो आणि नोव्हेंबर 1992 ला स्वतंत्र जागा देतो. वकीलसाहेबांनी सांगितलेली दोन निकालांची वाक्यरचनाही तशीच ठेवतो. डिसेंबर 2004 मध्ये त्यांचे पार्थिव पक्षाच्या मुख्यालयाच्या दाराबाहेरूनच हैदराबादकडे गेले, हा प्रसंग लिहून झाला होता. तो गाळतो आहे, कारण त्यातून राव यांच्या कारभारापेक्षा त्यांच्या पक्षाविषयीच अधिक कळते.