क्लबहाउसची पुस्तकांची रॅक: कोणती मशीनं घ्यायची?

*बी-२०३:* नमस्कार. काल दुपारी अडीचला पार्किंगमध्ये पुन्हा ग्राइंडर सुरू होता. २ ते ४ मशीन बंद हे मीटिंगमध्ये ठरलंय ना? स्कूटरच्या सीटवर बोटभर भुसा आहे.

*सी-१०१:* सॉरी काकू. ट्रायल घेत होतो. क्लबहाउसच्या रॅकचंच काम आहे.

*ए-४०२:* १०१, आवाजाचं नंतर बघू. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावलं होतं का?

*सी-१०१:* हो काका, ४ इंची, ४० दातांचं. दुकानदारानेच दिलं.

*ए-४०२:* आधी ते काढून ठेव. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फिरतो, सव्वासात इंची सर्क्युलर सॉ (लाकूड कापायचं गोल ब्लेडचं मशीन) ५ हजारांच्या आसपास. ग्राइंडरला खाली टेकायला बेस नाही. हात जरा वाकडा झाला की चीर ब्लेडला चिमटा घेते आणि मशीन अंगावर उसळतं. दगड-लोखंड कापायची चकती झिजत झिजत कापते. दाते लाकडात रुततात, हा सगळा फरक आहे.

*बी-५०४:* सुतार लोक मार्बल कटरने सर्रास कापतात की. त्यांना कुठे काय होतं?

*ए-४०२:* मार्बल कटरला निदान बेस असतो. पण खालचा स्प्रिंगचा गार्ड नसतो, त्यामुळे उचलल्यावरही फिरतं ब्लेड उघडंच राहतं. रोज हात बसलेल्याचं वेगळं, आपण चार सुट्ट्यांत काम करणार.

*सेक्रेटरी:* मग घ्यायचं काय ते सांगा. कमिटीने पैसे मंजूर केलेत, गणपतीआधी रॅक उभ्या राहायला हव्यात.

*ए-७०१:* सर्क्युलर सॉ, ड्रिल, जिगसॉ (गोलाई कापायला), सँडर (घासायला), ट्रिमर (कडा आणि खाचा करायला). सगळं १८ व्होल्ट बॅटरीचं, एकाच कंपनीचं. बॅटऱ्या एकमेकांना चालतात.

*बी-५०४:* २० व्होल्टचं घ्या, जास्त ताकद.

*ए-७०१:* एकच आहे ते. आत पाच सेल असतात. भरलेला सेल ४ व्होल्ट म्हणून २०, चालताना सरासरी ३.६ म्हणून १८. खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका, अँपिअर-तास बघा, बॅटरी किती वेळ पुरेल ते त्यावरून कळतं.

*बी-५०४:* आकडे नीट बघायचेच असतील तर मेंटेनन्सच्या बिलातले पण बघा कोणीतरी 🙏

*सेक्रेटरी:* ५०४, तो विषय इथे नको. ऑफिसात या, वही उघडून दाखवतो.

*बी-२०३:* २ ते ४ मशीन बंद. याचं उत्तर कोणीच देत नाहीये.

*ए-४०२:* ताई, म्हणूनच माझं मत ऐका. सर्क्युलर सॉ घेऊच नका. दोन रॅकसाठी दीड शीट प्लाय लागतो. टिंबर मार्केटला प्लायच्या दुकानात पॅनेल सॉवर (शीट कापायचं मोठं मशीन) कापून घ्या. काटकोन नेमका मिळतो, आणि ८ बाय ४ ची अख्खी शीट लिफ्टमध्येही मावत नाही. आवाज आणि निम्म्याहून जास्त धूळ तिथेच राहील. इथे उरतं भोक पाडणं, स्क्रू आणि पॉलिश.

*ए-७०१:* काका, पटलं. जिगसॉ पण काढा. गोलाई नाहीच आपल्या रॅकला, आणि १८ मिमी प्लायवर सरळ कापायला गेलं की त्याचं ब्लेड खाली वाकतं. वरून रेघ सरळ, खालून तिरकी.

*सी-१०१:* कटिंग लिस्ट टाकतो, सगळं मिमीमध्ये. उंची १८००, खोली ३००, फळी ६००. प्रत्येक रॅकला वरची-खालची धरून ६ फळ्या.

*ए-४०२:* खोली बरोबर. शीटच्या १२२० रुंदीत ३०० च्या चार पट्ट्या बसतात, ब्लेडचे ३-३ मिमी जाऊनही. एका पट्टीत एक बाजू आणि एक फळी. म्हणजे पहिल्या शीटमधून चारही बाजू आणि ४ फळ्या, उरलेल्या ८ फळ्या अर्ध्या शीटमध्ये. पण फळी ६०० नको, ५७० कर.

*सी-१०१:* का काका? जागा आहे की.

*ए-४०२:* पाठ बघ. ६०० ची फळी अधिक दोन बाजूंचे ३६, पाठ झाली ६३६. दोन पाठी म्हणजे १२७२, शीट १२२० ची. पाठीसाठी दुसरी शीट फोडावी लागेल. ५७० केलंस तर पाठ ६०६, दोन मिळून १२१२. ६ मिमीच्या एकाच शीटमध्ये दोन्ही.

*सी-१०१:* 🙏🙏 हे लक्षातच आलं नव्हतं.

*ए-७०१:* आणि फळी जितकी आखूड तितकी कमी लचकते. १८ मिमीची ९०० लांब फळी पुस्तकांच्या वजनाने वर्षभरात मधे खाली येते.

*सी-३०२:* विषयाला धरूनच एक विचारते. आमच्याकडे ट्रिमर आहे, पण बिट (कापणारं पातं) चालता चालता खाली सरकतं आणि खाच खोल होत जाते. मशीन खराब आहे का?

*ए-४०२:* ताई, कोलेटवर, म्हणजे बिट पकडणाऱ्या कडीवर, काय लिहिलंय ते बघा. पाव इंची म्हणजे ६.३५ मिमी. त्यात ६ मिमीचं बिट घट्ट वाटतं, पण निसटतं. कोलेटच्या मापाचंच बिट घ्या. आणि दांडा तळाला टेकवून मग दोनेक मिमी वर ओढून आवळा.

*सी-३०२:* ६.३५ आणि ६! बरोबर, तसंच आहे. धन्यवाद काका.

*बी-२०३:* सँडरची धूळ? लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने १९९५ मध्येच सांगितलंय. माझ्या सासूबाईंची खोली पार्किंगच्या वरच आहे.

*ए-७०१:* काकू, तुमचं म्हणणं रास्त आहे. ५ इंची गोल सँडर घेऊ आणि पिशवीऐवजी त्याला क्लबहाउसचा व्हॅक्युम जोडू. काम करणाऱ्याला एन-९५ मास्क, रुमाल नाही. सँडपेपर १८० आणि २२० नंबर एवढेच. प्लायवर जाडाभरडा ८० नंबर लावायचाच नाही, वरचा पापुद्रा कागदाइतका पातळ असतो, खालचा थर दिसायला लागतो.

*सेक्रेटरी:* म्हणजे ड्रिल आणि सँडर, दोनच?

*ए-४०२:* दोनच. ड्रिल बॅटरीचं, क्लचवालं (ठरवलेल्या जोरानंतर स्क्रू आवळणं थांबवतं). आतून बाजूवर ४ मिमीचं आरपार भोक, फळीच्या कडेला अडीच मिमीचं. भोक न पाडता कडेत स्क्रू घातला की प्लायचे थर फाकतात. स्क्रू ५० मिमी, प्रत्येक टोकाला तीन. १२ फळ्यांना ७२ लागतील, १०० चा डबा घ्या. क्लच कमीपासून सुरू करून डोकं पृष्ठभागाला टेकेपर्यंतच वाढवा.

*ए-७०१:* काका, भोक आतून की बाहेरून? स्क्रू तर बाहेरूनच जाणार ना.

*ए-४०२:* बरोबर पकडलंस. बाहेरूनच, मी चुकीचं लिहिलं. फळीची मध्यरेघ बाहेरच्या अंगाला आखून घ्या, म्हणजे फळीच्या वरून-खालून स्क्रू फुटून बाहेर येणार नाही.

*बी-५०४:* सुताराला बोलावलं असतं तर एव्हाना झालंही असतं.

*सी-१०१:* ५०४ दादा, मुलांना पण शिकायचंय म्हणून घेतलंय हे काम. शनिवारी या, पकडायला माणूस हवाच आहे.

*बी-५०४:* येतो. चहा मात्र हवा.

*सेक्रेटरी:* ठरलं. शुक्रवारी प्लाय कापून आणायचा, शनिवारी १० ते १ भोकं आणि जोडणी, सँडर रविवारी सकाळी. प्लाय बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा), शिक्का बघूनच.

*बी-२०३:* शुक्रवारी रात्री स्कूटर हलवते. २ ते ४ मशीन बंद.

*सी-१०१:* हो काकू, नक्की. क्लॅम्प कोणाकडे आहेत? निदान २ फुटी चार हवेत, माझ्याकडे दोनच आहेत.

*सी-३०२:* दोन माझ्याकडे. संध्याकाळी वॉचमनकडे ठेवते.