जहाजावरची गाणी नव्या ढंगात, नागपूरच्या गॅदरिंगला

धरमपेठी: आमचा ग्रुप गॅदरिंगसाठी खलाशांची जुनी इंग्रजी गाणी बसवून राहिला, वेलरमन तर पक्कंच आहे, २०२१ मध्ये स्कॉटिश गायक नेथन एव्हान्समुळे किती चाललं होतं ते. पण ड्रम, बेस, सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) सगळं टाकलं की गाण्याचा जीवच जातो असं वाटते. काय ठेवायचं, काय काढायचं?

बेसवाला: सिंथ काढ भाऊ. ही कामाची गाणी, एकजण ओळ म्हणतो, बाकीचे उत्तर देतात आणि त्या उत्तरातल्या जोरावर सगळे मिळून दोर ओढतात. तो जोर मशीनच्या बीटमध्ये दबला की संपलं. पायाचा ठेका नि सहा-सात आवाज बस झाले.

महालकर: वेलरमन मात्र दोर ओढायचं गाणं नाही हं, न्यूझीलंडचं, व्हेल पकडणाऱ्यांचं आहे, रसद आणणाऱ्या जहाजाची वाट पाहणारं. त्याला गोष्टीसारखं गा, घाई नको. बेस चालते तिथं. ड्रंकन सेलर हे दोर ओढायचं गाणं घेतलं तर बेसवाला म्हणते तसंच करा.

धरमपेठी: मस्त! पहिलं कडवं एकट्याने, वाद्यच नाही, धृपदाला सगळे. आजच करून पाहतो.

बेसवाला: आणि धृपद हॉलमधल्या पब्लिककडून म्हणवून घे बे, खरी मजा तिथंच आहे.