नाताळला जिवंत झाड तोडून आणणं चूक की बरोबर?

ओरेगनकरीण: आठ वर्षं आमचा नाताळ खोक्यातून निघायचा. गराजमधलं प्लास्टिकचं झाड काढा, फांद्या जुळवा, जानेवारीत परत कोंबा. यंदा धाकटी चौथीत गेली. इथे अमेरिकेत चौथीच्या मुलांना राष्ट्रीय उद्यानांचा फुकट पास मिळतो आणि तो दाखवला की सरकारी जंगलातून नाताळचं एक झाड तोडायचा परवानाही फुकट. (एरवी आमच्या माउंट हूडच्या जंगलात त्याला ५ डॉलर पडतात. म्हणजे पैशांचा प्रश्न नव्हता, हट्टाचा होता.)

गेलो सगळे. गुडघाभर बर्फ, हातकरवत, थर्मासात चहा. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईसुद्धा. दोन तास एकमत होईना. शेवटी डग्लस फर नावाचं सुयांसारख्या पानांचं झाड ठरलं. करवत लावायच्या आधी आईंनी खोडाला हात लावून "माफ कर रे बाबा" म्हटलं, तेव्हा आम्ही हसलो.

घरी आल्यावर बुंध्याची बोटभर चकती कापून झाड पाण्याच्या स्टँडमध्ये उभं केलं. पहिल्या दिवसात जवळजवळ चार लिटर पाणी प्यायलं! मुलींनी शाळेत केलेले कागदी तारे, दिवाळीचे छोटे आकाशकंदील आणि किल्ल्यावरचा एक मातीचा मावळा, असं सगळं त्यावर चढलं. घरभर वास.

पुण्याला दादाला व्हिडिओवर दाखवलं. तो म्हणाला, "भाचीला झाडं लावा म्हणून शिकवता आणि जिवंत झाड दिवाणखान्यात वाळवता?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

कोथरूडची_सुमी: दादा बरोबर आहे. तीन आठवड्यांच्या शोभेसाठी जिवंत झाड? प्लास्टिकचं घरात होतं ना, तेच लावायचं.

ऊसकरी: सुमीताई, मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. इथल्या डोंगरउतारांवर फ्रेझर फरची शेती आहे. सहा-सात फुटांचं झाड व्हायला सात ते दहा वर्षं लागतात, तोडलं की तिथे नवी रोपं लावतात. पीकच आहे ते. आमच्या गावाकडे ऊस तोडताना कुणी माफी मागितलेली मी पाहिली नाही.

कोथरूडची_सुमी: ऊस पोटात जातो. आणि त्यांनी शेतातून नाही, जंगलातून आणलंय.

ओरेगनकरीण: जंगल खरं, पण नेमून दिलेल्या भागातूनच, आणि दाटीतलंच झाड निवडा असं वनखात्याचं सांगणं. मोठ्या झाडांच्या सावलीत अशी कितीतरी रोपटी खुरटून मरतात. आणि वटपौर्णिमेला मंडईत वडाच्या फांद्यांचे ढीग लागतात, त्याचं काय?

कोथरूडची_सुमी: मी फांदी आणत नाही. पाराशी जाते. बाण चुकला.

हिशेबनीस: भावना बाजूला ठेवू. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टचा अंदाज असा: दोन मीटरच्या प्लास्टिकच्या झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. तेवढ्याच खऱ्या झाडाचा नंतर भुसा केला किंवा ते जाळलं तर साडेतीन किलो, कचराडेपोत कुजलं तर १६. म्हणजे भुसा करणाऱ्याच्या बरोबरीला यायचं तर प्लास्टिकचं झाड साधारण बारा वर्षं वापरायला हवं. ताई, तुमची आठ झाली होती. चार वर्षं आधीच पंगतीतून उठलात. शिवाय गाडीचं पेट्रोल यात धरलेलं नाही.

सुयांची_सासू: आम्ही एकदा खरं आणलं होतं. तीन दिवस पाणी घालायला विसरलो, कापलेल्या जागेवर राळ धरली, मग झाड पाणी घेईना. नाताळच्या आधीच काटक्या. वाळलेलं फर फटाक्यासारखं पेटतं, दिव्यांच्या माळा काढून ठेवल्या. गालिच्यातल्या सुया गुढीपाडव्यापर्यंत पायात. परत नाही बाबा.

वसईचा_बाप्टिस: ज्यांचा सण आहे त्यातला मी एक, म्हणून बोलतो. लहानपणी आमच्याकडे फर कुठला? किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी, वाळू भरलेला डालड्याचा डबा, बर्फ म्हणून कापूस. तेही जमलं तर. खरी धांदल गोठ्याची, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्याची! पेंढा आणायचा, डोंगर करायचा, मेंढरं मांडायची, आणि बाळ मात्र मध्यरात्रीच्या मिस्सानंतरच ठेवायचं. दारात चांदणी. झाड नसलं तर आमचं काही अडत नाही, गोठा नसेल तर नाताळच नाही. तुम्ही सगळे खरं की खोटं यावर भांडताय, पण झाडाखाली काय ठेवलं ते कुणीच विचारलं नाही.

ओरेगनकरीण: बाप्टिसदादा, झाडाखाली भेटवस्तूंची खोकी. गोठा सुचलाच नाही, खोटं कशाला बोलू.

हिशेबनीस, पेट्रोलचा मुद्दा मान्य. आमचं शहर जानेवारीत झाडं गोळा करून भुसा करतं, तेवढं तरी साडेतीनात बसेल.

एक सांगायचं राहिलं. ती बुंध्याची चकती आईंनी टाकू दिली नव्हती. काल त्यांनी चष्मा लावून धाकटीकडून तिच्यावरची वलयं मोजून घेतली. सतरा भरली. सावलीत हळूहळू वाढलं असणार. धाकटी नऊची. ती म्हणाली, "म्हणजे हे ताईपेक्षा मोठं होतं?" आई काहीच बोलल्या नाहीत.

पुढची चार वर्षं खोक्यातलंच लावायचं ठरलंय. दादाला अजून कळवलेलं नाही.