कितीही धुतलं तरी खालून वास येतोय, काय करू?

इरकल:
ताईंनो, हे घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते. वय ३४, दोन मुलं. सोलापुरात साड्यांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं, समोर गिऱ्हाईक, मध्ये साड्यांचा ढीग.

दोन महिने झाले, मला खालून वास येतोय. घामाचा नव्हे, मासळीचा असतो तसला. अंगावरून पांढरं जातं तेही पातळ, राखाडीसर. खाज नाही, दुखत नाही. पाळीच्या शेवटी आणि मिस्टर जवळ आले की वास जास्तच येतो.

मागच्या मंगळवारी एक बाई काठ बघायला पुढे वाकल्या आणि पटकन मागे सरकल्या. कशामुळे ते देव जाणे. पण त्या दिवसापासून मी मांडी घालत नाही, दोन्ही गुडघे एका बाजूला घेऊन बसते. संध्याकाळी उठताना पायांत मुंग्या असतात.

उपाय खूप केले. तुरटीचं पाणी झालं, बादलीत जंतुनाशकाचं झाकणभर औषध टाकून झालं. दिवसातून तीनदा साबण, जेटचा फवारा आतपर्यंत. मेडिकलमधून गुलाबाच्या वासाचा वॉशही आणला. तास-दोन तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच, उलट वाढल्यासारखं. एवढी स्वच्छ राहूनही असं का? आणि मिस्टरांना सांगू का?

लेबर_रूम:
इरकल, मी २७ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. तू घाण नाहीस, हे आधी मनातून काढून टाक. तुझं धुणंच नडतंय.

योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, दह्यातल्या जंतूंच्या भावकीतले. ते आम्ल तयार करतात. त्यामुळे आतला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि वाईट जंतूंना तिथे बळ धरता येत नाही. आंघोळीचा साबण याच्या अगदी उलट्या गुणाचा. तो आत गेला, जंतुनाशक गेलं, जेटचं पाणी गेलं की चांगले जंतू मरतात आणि दुसऱ्यांचं फावतं. मग वास येतो, तू आणखी धुतेस, आणखी बिघडतं. पाळीचं रक्त आणि पुरुषाचं वीर्यही आम्लाच्या विरुद्ध गुणाचं, म्हणून तुला त्या वेळी वास जास्त जाणवतो.

तू सांगतेस त्यावरून बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे हाच जंतूंचा बिघाड वाटतो. पण नुसतं वाचून कुणी ठरवू नये. ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीनेही वास येतो आणि त्यात नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. म्हणून तपासणी कर. कागदाची पट्टी आणि काचेवर थोडा स्राव, इतकंच असतं. सिव्हिलसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे हेच बघतात. मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या आणू नकोस.

तोवर आतून काहीही धुवायचं नाही. बाहेरून साधं पाणी, पुढून मागे, आणि टिपून कोरडं करायचं. सुती निकर घाल. आणि कुणी दही आत लावायला सांगितलं तर ऐकू नकोस. बायका लावतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

पन्नाशी_पार:
माझं उलट होतं. वास नाही, पण खाज एवढी की रात्री झोप नाही, आणि दह्याच्या चोथ्यासारखं जायचं. मेडिकलमधून मलम आणायचे, महिनाभर बरं, पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळी डॉक्टरबाईंनी साखर तपासली, जेवणानंतर २८६! मधुमेह आहे हे तेव्हा कळलं. साखर आटोक्यात आली तशी खाजही गेली. कुणाचं असं वारंवार उलटत असेल तर रक्त तपासून घ्या. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लालसर गेलं, तर एक थेंब असला तरी त्याच आठवड्यात दाखवा. थांबायचं नाही.

होस्टेल_तिसरा_मजला:
सिस्टर, थोडासा वास प्रत्येकीलाच असतो का? मी त्यासाठी सुगंधी पॅड वापरते.

लेबर_रूम:
असतो बाळा. ताकासारखा किंचित आंबूस. महिनाभरात तो कमी-जास्त होतो, त्याला औषध लागत नाही. सुगंधी पॅड सोड, त्या अत्तराने कातडी चुरचुरते. साधं पॅड घे आणि चार-सहा तासांनी बदल, कमी भरलं असलं तरी.

इरकल:
सिस्टर, जाऊन आले. नऊ दिवस धीर गोळा करत होते. दुकानात दात दुखतो सांगून सुट्टी घेतली.

मॅडमनी आतला स्राव पिवळ्या पट्टीला लावला, पट्टी हिरवी झाली. मग काचेवर थोडा स्राव घेऊन वर औषधाचा एक थेंब टाकला आणि तोच वास एकदम वर आला. मी शरमेने तोंड फिरवलं. त्या म्हणाल्या, “अहो, हा वास यावा म्हणूनच थेंब टाकला. हीच तपासणी आहे.” त्या खोलीत पहिल्यांदाच मला त्या वासाची लाज वाटली नाही.

तुम्ही म्हणालात तेच निघालं. मेट्रोनिडाझोल ४०० च्या गोळ्या, दिवसातून दोन, सात दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, पण चौथ्या दिवशी वास गेला. मिस्टरांना सगळं सांगितलं. ते आधी गप्प बसले, मग स्वतः उठून मोरीतली जंतुनाशकाची बाटली फरशी पुसायच्या बादलीजवळ ठेवून आले.

आज पाचवा दिवस आहे आणि पाळी आली. गोळ्या थांबवू का?

लेबर_रूम:
नाही. पाळीतही चालू ठेव, सातही दिवस पूर्ण कर. आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा वास आला तर घाबरू नकोस, हा बऱ्याच जणींना उलटतो. तुरटी न काढता सरळ त्याच मॅडमकडे जा.

इरकल:
बरं सिस्टर. आज दिवसभर मांडी घालून बसले होते.